लॅपटॉप उघडला की छातीत धडधडतं: पीएच.डी.च्या पाचव्या वर्षात अडकलेल्या मुलीला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करणारी मुलगी, वय 29, नोंदणीला पाचवं वर्ष. विषय आहे ऊसतोड मजूर कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण. तिचे स्वतःचे आईवडील कित्येक हंगाम कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले आहेत. फिल्डवर्क झालं आहे, पहिली दोन प्रकरणं लिहून झाली आहेत, पण गेले आठ महिने पुढे एक ओळ सरकलेली नाही. गाइडचा फोन ती उचलत नाही, विभागाच्या रस्त्यानं जात नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. फेलोशिपचा हप्ता थकलेला आहे. तिनं विचारलंय: ‘मी आळशी झालेय की आजारी आहे? गोळ्या सुरू केल्या तर जन्मभर घ्याव्या लागतात का? पीएच.डी. सोडून देऊ का? आईला काय सांगू?’ आणि या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य आहे: ‘कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं.’

मी पुण्यात वीसहून अधिक वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. संशोधक विद्यार्थी आणि प्राध्यापक माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या पत्रातल्या त्या मधल्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण आम्ही ते वाक्य ओलांडून पुढे जात नाही.

‘जागच आली नाही तर बरं’ असं खूप थकलेल्या माणसाला वाटू शकतं. पण हा विचार तिथेच थांबतो, की स्वतःला काही करून घेण्यापर्यंत, कसं आणि कधी हे ठरवण्यापर्यंत जातो, हे तुम्ही स्वतःला अगदी स्पष्ट विचारा. पुढे जात असेल तर आज रात्री एकटीनं खोलीत राहू नका. रूममेटला उठवा, बहिणीला फोन करा, जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. 14416 हा केंद्र सरकारच्या टेली मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, तिथे मराठीत बोलता येतं. विचार फक्त थकव्याचा असेल तरीही आज एका माणसाला तो बोलून दाखवा. असं बोलल्यानं विचार वाढतो अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. वाक्य तोंडाबाहेर पडलं की माणूस पहिल्यांदा नीट श्वास घेतो.

आता, आळशी की आजारी. आळस करणाऱ्याला दुपारी झोप लागते, सिनेमा आवडतो, जेवण गोड लागतं. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीच्या लग्नालाही गेला नाहीत, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि तीच वेळ सगळ्यात वाईट असते. पहाटे लवकर जाग येणं, सकाळी मन जास्त जड असणं, कशातच रस न वाटणं, अपराधी वाटत राहणं ही नैराश्याची ओळखीची लक्षणं आहेत, आणि तुमच्याकडे ती दोन आठवडे नाही, काही महिने आहेत. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं एवढंच ती विचारते, 27 पैकी गुण देते. 10 किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना भेटायला हवं. ती निदान करत नाही, दार कुठलं ठोठवायचं तेवढं सांगते. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्या. थायरॉइड कमी असताना होणारी मरगळ हुबेहूब नैराश्यासारखी दिसते, आणि मेसच्या जेवणावर चार-पाच वर्षं काढलेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं मी इतक्या वेळा पाहिलंय की पहिल्या भेटीत ही तपासणी मी चुकवत नाही.

तुम्ही एकट्या नाही, हे नुसतं समजुतीसाठी म्हणत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या 3,659 पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 32 टक्के जणांना मानसिक विकार असण्याचा किंवा होण्याचा धोका दिसला, आणि तितक्याच शिकलेल्या इतर नोकरदारांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. 2018 मध्ये 26 देशांतल्या 2,279 विद्यार्थ्यांच्या पाहणीत सुमारे 40 टक्के जणांमध्ये नैराश्य आणि चिंतेची मध्यम ते तीव्र लक्षणं आढळली. हा आकडा फार फिरतो, पण मी तो जपून वापरते: ज्यांना त्रास आहे ते अशी प्रश्नावली आवर्जून भरतात, त्यामुळे प्रमाण फुगतं. 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नैराश्याचं प्रमाण 24 टक्के आणि चिंतेचं 17 टक्के आलं. म्हणजे साधारण चौघांत एक. मला स्वतःला फ्लँडर्सच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्रास कुणाला जास्त होतो याचा संबंध गाइडच्या वागण्याशी, कामावर आपला किती ताबा आहे याच्याशी, घर आणि काम यांच्या ओढाताणीशी निघाला. पीएच.डी. करणाऱ्याच्या स्वभावाला बोल लावून हा प्रश्न सुटत नाही.

पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली जी तुम्ही स्वतः लिहिलेली नाही. तुमची पहिली दोन प्रकरणं म्हणजे प्रस्तावना आणि आधीच्या अभ्यासांचा आढावा. ती झाली. तुम्ही थांबलात ते तिसऱ्यावर, म्हणजे जिथे मुलाखती सुरू होतात. मुलाखती कुणाच्या? हंगामाला आईबापाबरोबर निघालेल्या आणि दिवाळीनंतर शाळेत परत न आलेल्या मुलींच्या, फडात धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींच्या, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेना म्हणून लग्न लवकर लावून दिलेल्या मुलींच्या. तुम्ही त्यांना प्रश्न विचारत होतात तेव्हा तुम्ही संशोधक होतात. आता खोलीत एकटं बसून हेडफोन लावून तेच रेकॉर्डिंग वाक्यावाक्याला थांबवत उतरवायचं, तेव्हा तुम्ही पुन्हा कारखान्याच्या कोपीवरची, मजुरांच्या झोपडीतली मुलगी होता. एका मुलाखतीच्या तासाला उतरवून घ्यायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे ते दुःख तुम्ही सहा वेळा ऐकता, आणि या वेळी त्या मुलीचा हात हातात घ्यायची सोयही नसते.

याचं प्रशिक्षण आपल्या संशोधन पद्धतीच्या तासाला कुणी देत नाही. नमुना कसा निवडायचा ते शिकवतात, प्रश्नावली कशी बांधायची ते शिकवतात. ऐकलेलं ओझं कुठे ठेवायचं ते नाही. रुग्णालयातल्या समुपदेशकांना आम्ही दर आठवड्याला बसवून विचारतो, या आठवड्यात कुठली केस घरी घेऊन गेलात? संशोधकांना हे कुणी विचारत नाही. शेतकरी आत्महत्यांवर, घरगुती हिंसाचारावर, दंगलग्रस्तांवर काम करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा लॅपटॉप याच टप्प्यावर बंद पडला. ते सगळे स्वतःला आळशी म्हणत होते.

म्हणून मुलाखती उतरवायचं काम बदला. दिवसाला एकाच मुलाखतीचा वीस मिनिटांचा भाग, तो सकाळी, रात्री कधीच नाही. झालं की बाहेर फिरून या. जिथे ऐकवत नाही तिथली वेळ कागदावर लिहा आणि पुढे जा. आणि मुख्य म्हणजे, हे कुणाला तरी सांगा: तुमच्याच विषयाच्या जवळपास काम करणारी एखादी मैत्रीण शोधा, आठवड्यातून एकदा दोघींनी एकमेकींना फक्त ऐकायचं. प्रकरणाचा पहिला खर्डा मराठीतच लिहा. त्या मुली ज्या भाषेत बोलल्या त्याच भाषेत तुमचं डोकं त्यांचा विचार करतं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर समाजशास्त्राचे मराठीत लिहिलेले प्रबंध आहेत, ते पाहा. इंग्रजी करायचंच असेल तर ते नंतरचं काम आहे.

दुसरी गाठ गाइडची आहे. ती कशी पडली ते समजून घ्या, म्हणजे स्वतःवरचा राग कमी होईल. सरांचं नाव मोबाइलवर दिसलं, छातीत धस्स झालं, तुम्ही आवाज बंद केला, आणि त्या क्षणी बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानं मेंदूला शिकवलं की टाळलं की सुटका होते. पुढचा फोन आणखी जड झाला. दोन आठवड्यांचा उशीर दोन महिन्यांचा झाला, आणि मग कारण सांगायला तोंडच उरलं नाही. माझ्याकडे आलेल्या एका रसायनशास्त्राच्या मुलीनं गाइड घरी गेल्यावरच प्रयोगशाळेत जायचं असं ठेवलं होतं. ती रात्री काम करायची, दिवसा झोपायची, आणि वर्षभरात तिनं एकही प्रगती अहवाल दिला नव्हता. शेवटी भेट झाली तेव्हा गाइड म्हणाले, ‘मला वाटलं तुझं लग्न ठरलंय आणि तू सांगायला लाजतेयस.’ तुमच्या शांततेचा अर्थ समोरचा माणूस स्वतःच्या परीनं लावत असतो, आणि तो बहुधा चुकीचाच असतो.

हे मौन तुम्हीच तोडायचं आहे, पण फोनवर नाही आणि समोरासमोर तर मुळीच नाही. ईमेल लिहा, चार ओळींचं. मी मसुदा देते:

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. गेले आठ महिने मी संपर्कात नव्हते, याबद्दल दिलगीर आहे. या काळात माझी प्रकृती ठीक नव्हती, आता उपचार सुरू आहेत. फिल्डवर्क पूर्ण आहे, पहिल्या दोन प्रकरणांचा खर्डा तयार आहे, तिसऱ्याचा आराखडा घेऊन पंधरा मिनिटं भेटण्याची इच्छा आहे. पुढच्या आठवड्यात आपल्याला कोणता दिवस सोयीचा होईल?’

यात आजाराचं नाव नाही, रडगाणं नाही, आणि ‘महिन्याभरात प्रकरण देते’ असं वचनही नाही. वचन देऊ नका. ते मोडलं की पुन्हा तोंड लपवणं सुरू होतं. आजाराचा तपशील सांगायचा की नाही हा पूर्णपणे तुमचा अधिकार आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. ईमेल स्वतः पाठवता येत नसेल तर मैत्रिणीला शेजारी बसवा आणि बटण तिला दाबू द्या. मी हे पेशंटकडून माझ्यासमोर खुर्चीत बसून करून घेतलेलं आहे.

सर रागावतील का? कदाचित रागावतील. कडक गाइड आणि छळणारा गाइड यांत मात्र फरक करा. प्रकरणावर लाल रेघा मारणारा, उशीर झाला म्हणून बोलणारा गाइड सहन करता येतो, पुढे त्याचे आभारही मानावेसे वाटतात. सही अडवून ठेवणं, घरची कामं सांगणं, जातीवरून किंवा ‘फेलोशिपवाले’ म्हणून हिणवणं, अंगाला लागून बोलणं हा वेगळा मामला आहे. तिथे सहनशक्ती वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही. तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवा, आणि विभागप्रमुख, संशोधन सल्लागार समिती, अंतर्गत तक्रार समिती किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्ष यांपैकी योग्य ठिकाणी जा, एकटीनं न जाता.

वेळेची भीती नियम वाचून कमी करा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत देता येते, एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून यायलाच हवा ही यूजीसीची सक्तीही तेव्हापासून नाही, विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वेगळी. तुमची नोंदणी जुन्या नियमांखालची असेल तर विभागाच्या क्लार्ककडून लेखी खात्री करून घ्या. ‘पाचवं वर्ष’ हा शब्द तुम्ही पत्रात सहा वेळा लिहिलाय. नियमानुसार दार अजून उघडं आहे.

गोळ्यांबद्दल. तुमच्यासारख्या लक्षणांत आम्ही सहसा एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं औषध देतो, एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रॅलीनसारखं. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता होऊ शकते. अस्वस्थता किंवा ‘जागच आली नाही तर बरं’ हा विचार वाढल्यासारखा वाटला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि इथेच बरेच जण ‘काही होत नाही’ म्हणून सोडतात. आजार पहिल्यांदाच झाला असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. जन्मभर घ्यावं लागतं असं नाही. मनानं अचानक बंद मात्र करू नका. सवय लागण्याची खरी भीती झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यांची असते, अल्प्राझोलामसारख्या. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय त्या घेत असाल तर आजच डॉक्टरांना सांगा, लपवू नका. पैशांची अडचण आहे हे मला कळतंय. संभाजीनगरात असाल तर घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात विचारा. विद्यापीठात समुपदेशक आहे का तेही पाहा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलेलं आहे. नसेल तर विद्यार्थी प्रतिनिधींनी तसं लेखी मागायला हरकत नाही.

औषध सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे प्रबंधाला हात लावू नका. ठरलेल्या वेळी उठणं, सकाळी अर्धा तास उन्हात चालणं, दोन्ही वेळचं जेवण, एवढंच काम. तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉप उघडायचा, दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं पान वाचायचं आणि बंद करायचा. लिहायचं काही नाही. धडधड होईल, होऊ द्या, ती दहा-पंधरा मिनिटांत आपोआप उतरते. उतरेपर्यंत खुर्चीत राहायचं, हाच सगळा उपचार आहे. चार-पाच दिवसांनी वीस मिनिटं. हे वसतिगृहाच्या खोलीत जमत नसेल तर वाचनालयात बसा, जिथे आजूबाजूला माणसं काम करत असतात.

प्राध्यापक मंडळीही हे वाचतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे, हातात पीएच.डी. असून सुट्टीच्या महिन्यांत शून्य उत्पन्न असणारे लोक माझ्याकडे येतात, आणि कायम नोकरीत असून नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, पदोन्नतीचे गुण आणि आठ विद्यार्थ्यांचे प्रबंध यांत बुडालेलेही येतात. ते विद्यार्थ्यांपेक्षा उशिरा येतात, बहुतेक वेळा रक्तदाब वाढल्यावर. तुमचा विद्यार्थी दोन महिने दिसला नाही तर ‘काम कुठवर आलं’ हे विचारू नका. ‘बरी आहेस ना, चहाला ये’ एवढा निरोप धाडा. गेल्या वीस वर्षांत मी पाहिलेल्या कित्येक मुलांची परतीची वाट अशा एका निरोपानं उघडली.

सोडून देऊ का, याचं उत्तर आज देऊ नका. नैराश्यात डोळ्यांना एकच रस्ता दिसतो, आणि तो बाहेरचाच असतो. उपचार सुरू होऊन तीन महिने होऊ द्या, झोप आणि भूक परत येऊ द्या. मग विचारा: हा विषय अजून माझा आहे का? यापुढचं वर्ष कशावर काढायचं, पैसे कुठून? गाइड बदलला तर चित्र बदलेल का? बऱ्या मनानं विचार करून कुणी सोडायचं ठरवलं तर मी त्याच्या पाठीशी उभी राहते. माझ्या दोन पेशंटनी सोडली, एक आज शाळेत शिकवते, दुसरा सामाजिक संस्थेत काम करतो, दोघेही ठीक आहेत. पण त्यांनी निर्णय घेतला तेव्हा ते रात्री झोपत होते.

राहिली आई. ती फोनवर ‘कधी संपणार’ विचारते आणि तुम्हाला ते टोचतं. तिला प्रबंध म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नाही, ती परीक्षेसारखं काहीतरी समजतेय. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती दोन प्रकरणं प्रिंट काढून न्या आणि तिच्या हातात द्या. मग एखाद्या मुलाखतीतला थोडा भाग, नावगाव न सांगता, तिला मराठीत वाचून दाखवा, ज्यात एखादी मुलगी पहाटे अंधारात गाडी भरायच्या वेळेबद्दल बोलते. तिला विचारा, आई, हे असंच होतं का? ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्या. तिसरं प्रकरण तिथून सुरू करता येईल.